हद्दूच्या आज्याचं शिखर

ऐत तफ्सुत गावात असा एक माणूस सापडायचा नाही, ज्याला हद्दूनं कधी ना कधी गाढव म्हटलं नव्हतं. खऱ्या गाढवांना मात्र तो नावानं हाक मारी. इमाम त्याच्या मते बेसूर, मुखिया बायकोच्या ताटाखालचं मांजर, मास्तर शहरातून हाकलून दिलेला, आणि दोर लटकवत डोंगर चढायला येणारे फिरंगी म्हणजे पोट भरल्यावर काय करावं हे न सुचणारी जात. त्यांचं सामान खेचरांवर लादून तो त्यांना खिंडीपर्यंत पोचवी आणि वाटभर त्यांच्या तोंडावर त्यांना शिव्या देई, आपल्या भाषेत, हसत हसत. फिरंगी खूश होत. त्यांना वाटे, गडी गाणं म्हणतोय.

एवढा ताठा कशाच्या जिवावर? जमीन म्हणाल तर नदीकाठी जवाची चार खाचरं, आणि अक्रोडाची झाडं भावकीत वाटून घेतलेली. ताठा होता तो आज्याच्या जिवावर. गावाच्या डोक्यावर जे शिखर उभं आहे, त्यावर पहिलं पाऊल हद्दूच्या आज्यानं ठेवलं होतं. निदान हद्दू तसं सांगे, आणि विचारो न विचारो, सगळ्यांना सांगे.

झालं होतं असं. फ्रेंचांच्या राज्यात एक कप्तान नकाशासाठी डोंगर मोजत इकडे आला. आमच्या बाजूनं, म्हणजे उत्तरेकडून, हे शिखर अर्धा उन्हाळा सरेपर्यंत पांढरं असतं. त्याला गावात तिसलित म्हणतात, म्हणजे नवरी. खिंडीपलीकडे ऐत इग्गीत त्यालाच ताम्घार्त म्हणतात, म्हणजे म्हातारी, कारण त्या बाजूला बर्फ ठरत नाही, नुसता उघडा सुरकुतलेला मुरमाड उतार. कप्तानाला दोन्ही नावांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं नकाशावर शिखराच्या जागी एक आकडा टाकला. मग उत्तरेच्या घळीतून, बर्फात पायऱ्या खोदत, तो वर गेला. बरोबर हद्दूचा आजा इद्दर. वर त्यांनी दगडांची रास रचली, तिच्यात पत्र्याचा डबा ठेवला, आणि इथं मनुष्यप्राण्याची खूणही नव्हती असं कप्तानानं सरकारला कळवलं. तेव्हापासून जो कोणी घळ चढून वर जातो तो राशीवर एक दगड ठेवून उतरतो. हद्दूही तरुणपणी दोनदा दोराला बांधून वर जाऊन आला होता, दोन दगड ठेवून.

या उन्हाळ्यात शहरातल्या गिर्यारोहकांच्या क्लबाचा अध्यक्ष मस्यू देल्मा गावात उतरला. कासाब्लांकात जन्मलेला, दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. अरबी बोलायचा, पण तोंडात कापूस कोंबल्यासारखी. त्यानं प्रांताच्या कचेरीत खटपट करून ठेवली होती: नकाशावरचा आकडा काढायचा आणि शिखराला इद्दरचं नाव द्यायचं. कचेरीची अट एकच, गावच्या जमातीनं, म्हणजे गावपंचायतीनं, होकार द्यावा. देल्मानं पितळेची पाटीसुद्धा ओतून आणली होती. आधी वर जाऊन जागा बघायची, दुसऱ्या दिवशी जमात बसवायची, होकार आला की शिखरावर पाटी लावायची.

हद्दूचे पाय जमिनीला लागेनात.

"डोंगराला नवरी म्हणतात!" अक्रोडाखाली चहा पिताना तो सगळ्यांना ऐकवत होता. "उद्या खिंडीला जाऊबाई म्हणा, ओढ्याला नणंद म्हणा. मर्दासारखं शिखर, त्याला मर्दाचं नाव हवं."

"काय दाजी, मिशीला लोणी लावलंय वाटतं आज?" हा मोहा. हद्दूचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, खिंडीपलीकडचा. देल्माच्या सामानाला त्याचीही खेचरं लागली होती, म्हणून आला होता.

"तुझ्यासारख्यांच्या डोळ्यांत खुपतं ते. तुमच्या गावात लोणी बघायला तरी मिळतं का?"

"लोण्याचं सोडा. आमच्याकडचे म्हातारे काय म्हणतात ठाऊक आहे? तुमचा आजा वर गेलाच नव्हता म्हणे. खाली खेचरं धरून बसला होता. कप्तान गेला एकटाच."

सगळे हद्दूकडे बघायला लागले. मुखियानं तर चहाचा पेला तोंडाशी नेता नेता थांबवला.

"तुमच्याकडचे म्हातारे!" हद्दू थुंकला. "ज्यांना स्वतःच्या बापाची खात्री नाही, ते माझ्या आज्याची साक्ष देणार! बायकोचा भाऊ म्हणून सोडतो तुला. नाहीतर इथंच खेचराच्या पायाशी लोळवला असता."

हशा पिकला. मोहाही हसला. पण ती गोष्ट हद्दूला लागली, आणि घरी जाईपर्यंत तो वाटेतल्या दगडांनाही शिव्या देत गेला.

घरी तुदा चुलीपाशी जवाची पेज ढवळत होती, ॲल्युमिनिअमच्या पळीनं. दांडा वाकलेला. ती पळी दिसली की हद्दूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं तिला स्वतः अक्रोडाच्या लाकडाची पळी कोरून दिली होती. दांड्याच्या टोकावर तितर. तितराचा एक पाय कोरताना टवका उडाला, म्हणून तो आखूड. आयुष्यात बायकोला हौसेनं दिलेली तेवढी एकच वस्तू, आणि या बाईनं ती हरवली. एका कोरड्या वर्षी, मुलगी अजून तिच्या पाठुंगळीला असताना. कुठे गेली विचारलं तर "नाही सापडत" एवढंच. हद्दूनं घर डोक्यावर घेतलं. पळीवरून त्यानं तिला पोरीसकट खिंडीपलीकडे माहेरी धाडून दिलं, आणि सासऱ्यानं हातापाया पडून आणून सोडली तेव्हा मोठ्या उपकारानं घरात घेतली. पुढे कोणी पाहुणा आला की पेजेच्या वाटीबरोबर ही गोष्ट ठरलेली: "हिला साधी पळी सांभाळता येत नाही, आणि म्हणे ही घर सांभाळते."

"नवरीच राहू दे की नाव," तुदा म्हणाली. "काय वाईट आहे त्यात?"

"तू पेज ढवळ."

"वरचे दगड हलवणार म्हणे तुम्ही लोक."

"पाटी लावायची तर बैठक नको का बघायला?"

"नका हलवू."

"का?"

"नका म्हणते ना."

"तुला गं काय ठाऊक वरचं?" हद्दू खो खो हसला. "आधी माझी पळी शोधून दे, मग शिखराच्या गोष्टी सांग."

तुदानं त्याच्याकडे एकवार पाहिलं. पिकात शिरलेल्या दुसऱ्याच्या बैलाकडे बघावं तसं. मग तिनं त्याच्या वाटीत पेज ओतली आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. आमच्याकडच्या बायकांचं हे एक आहे, गप्प बसायचं म्हटलं की डोंगर बोलेल पण त्या बोलायच्या नाहीत. पावसाच्या नवरीचंच बघा. दुष्काळ पडला की त्या एका पळीला कापडं नेसवतात, मणी बांधतात, नवरीसारखी नटवतात आणि पाऊस मागत गावाबाहेर नेतात. त्या दिवशी पुरुषांनी दारं लावून भिंतीकडे तोंड करून बसायचं. पळी कोणाची, नेली कुठे, विचारायचं नाही. विचारलं की पाऊस रुसतो. हद्दूचा अंदाज असा, की ओढ्यात फेकून येत असतील, बायकांची धाव आणखी कुठपर्यंत जाणार!

पहाटे निघाले. खेचरं आणि मोहा घळीच्या पायथ्याशी थांबले. देल्मा, त्याच्या क्लबाचे दोघे तरुण आणि हद्दू घळीत शिरले. बर्फ टणक होतं. देल्मा दर पायरीला कप्तानाचं नाव घेई आणि दर दुसऱ्या पायरीला धाप लागून थांबे. दात उपटणं वेगळं आणि डोंगर चढणं वेगळं, हद्दू मनात म्हणत होता, बर्फावर कुणाला भूल देतोस रे बाबा? दुपार कलायला लागली तेव्हा ते शिखराच्या जरा खाली, वाऱ्याच्या आडोशाला एका कड्याशी पोचले. देल्मा तिथंच मटकन बसला.

"तुम्ही भाकरी खा," हद्दू म्हणाला. "मी पुढे जातो. रास माझ्या आज्याच्या हातची आहे. पहिला हात माझा लागेल. दुसऱ्या कुणाचा लावू देणार नाही."

देल्माचे डोळे भरून आले. त्यानं मान डोलावली आणि सार्डिनचा डबा उघडला.

हद्दू एकटा वर गेला. वरून दोन्ही गावं दिसतात, इकडे बर्फाखाली आमचं, तिकडे उघड्या मुरमाखाली ऐत इग्गी. रास कमरेएवढी झालेली. तो तिला वळसा घालून दक्षिणेच्या अंगाला गेला. तिकडून त्यानं आजवर कधी बघितलीच नव्हती. फिरंगी घळीतून चढतात, रास समोर येते, दगड ठेवतात, फोटो काढतात, उतरतात. मागच्या बाजूला एक चपटी शिळा उभी लावलेली होती, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी.

त्यानं ती बाजूला केली. आत पोकळी. पोकळीत चिंध्या.

त्यानं वरची चिंधी ओढली. लाल लोकरीची, उडालेल्या रंगाची, निळा मणी गाठीत अडकवलेली. ती सुटली आणि त्याच्या हातात अक्रोडाची पळी आली. दांड्याच्या टोकावर तितर. एक पाय आखूड.

हद्दूला आधी रागच आला. चोरट्यांनी माझी पळी चोरून इथं आणून लपवली! मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोलतोय ते. शिखरावर पळी चोरून कोण आणेल? त्यानं आत हात घातला. आणखी पळ्या. काही बऱ्या, काही ऊन-पावसानं पांढऱ्या पडलेल्या, प्रत्येकीला कापड नेसवलेलं, गळ्याशी दोरा. त्यांच्याखाली कप्तानाचा पत्र्याचा डबा, गंजून गेलेला. डब्याखाली एक फरशी. फरशीच्या फटीतून त्यानं डोकावलं, तर तिच्याखालीही पळ्याच. काळ्या पडलेल्या. एकीला बोट लागलं तशी ती भुकटी होऊन सुटली.

फरशी चार दगडांवर अधांतरी बसवलेली होती, डब्याचं वजन खालच्या पळ्यांवर येऊ नये म्हणून. आणि दर कोपऱ्यात एक पाचर, आडवी. नदीकाठच्या खाचरांचे बांध हद्दूच्या घराण्यात असेच घालतात, पाचर आडवी मारून. दुसरं कोणी मारत नाही. कप्तानाचा तर प्रश्नच नाही, कप्तान तेव्हा खालच्या कड्याशी धापा टाकत बसला असणार.

आज्यानं पाहिलं होतं. पाहिलं, झाकलं आणि मग साहेबाला वर हाक मारली.

"हद्दू!" खालून देल्माची हाक आली. "येऊ का?"

पळी जागच्या जागी ठेवायला हवी होती. हात धजेना. त्यानं ती लोकरी झग्याच्या आत सरकवली, चिंध्या आत कोंबल्या, शिळा लावली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"दगड बर्फानं घट्ट धरलेत," देल्मा वर आल्यावर तो म्हणाला. "हातानं निघायचे नाहीत."

"काही हरकत नाही." देल्मा राशीवर हात फिरवत होता. "उद्या जमात हो म्हणू दे. मग गवंडी आणू, सिमेंट आणू. ही सगळी रास उपसून खालच्या खडकापर्यंत जाऊ आणि पक्का खांब उभारू. त्यावर पाटी. तुमच्या आजोबांचं नाव शंभर वर्षं हलणार नाही!"

हद्दूनं मान डोलावली. उतरताना त्यानं कोणालाच शिवी दिली नाही. मोहाला वाटलं, दाजींना वारा बाधला.

संध्याकाळी तुदा पीठ मळत बसली होती. हद्दूनं झग्यातून पळी काढून परातीशेजारी ठेवली. तिचे हात थांबले. ती उठली, पिठाच्या हातांनीच दार लावलं आणि परत आली.

"कोणी पाहिली?"

"मी."

"फिरंग्यानं?"

"नाही."

"आणि तू ती खाली घेऊन आलास."

"माझी आहे. मी कोरलीय."

"अरे मूर्ख माणसा!" तुदाचा आवाज चढला, आणि तो चढलेला हद्दूनं इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. "पावसाला दिलेली नवरी माहेरी परत आणतात का रे? तुला लाज कशी नाही वाटली? हिला परत आणलंस, उद्या ओढा आटला तर त्यात तोंड बघशील का आपलं?"

"मला सांगायचंस तरी!" हद्दूही ओरडला, पण त्यात दम नव्हता. "एवढी वर्षं मी... तेव्हाच सांगितलं असतंस तर..."

"सांगून घेतलेल्या पळीला पाऊस येत नाही. घरधन्याला न कळता उचलावी लागते. त्या वर्षी माझ्यावर आलं."

"तुझ्यावरच का?"

"कारण गावात सगळ्यात देखणी पळी माझी होती," तुदा म्हणाली. "नवरी म्हणून काय मोडकी न्यायची?"

हद्दू खाली बसला. तितराच्या आखूड पायावरून त्याचा अंगठा फिरत राहिला.

"मी तुला माहेरी धाडलं."

"धाडलंस. पोरीला पाठीशी बांधून निघाले. खिंडीत पोचले नाही तोच पाऊस कोसळला. अशी भिजले, अशी भिजले! हसत हसत गेले मी बापाच्या घरी. त्याला वाटलं, नवऱ्यानं हाकलली म्हणून पोरगी वेडी झाली." तिनं पीठ पुन्हा मळायला घेतलं. "परत आले तेव्हा तुझं जव हातभर वर आलेलं होतं. तुला वाटलं, तू पेरलंस म्हणून आलं."

"आणि आजा?"

"आज्याच्या आईची पळी आहे तिथं, आजीची आहे. त्यानं पाहिलं आणि झाकलं. खाली येऊन तोंड मिटून बसला. तेव्हाच्या पुरुषांना तेवढी तरी चाड होती."

"पण मी पहिला चढलो असं तो..."

"तो कधी म्हणाला? तू ऐकलंस?"

हद्दू आठवू लागला. आजा गेला तेव्हा तो लहान होता. पहिला, पहिला, हे बापानं सांगितलं होतं, आणि बापापेक्षा मोठ्या आवाजात त्यानं स्वतः. आजा भिंतीशी ऊन खात बसलेला असायचा, आणि कोणी फारच खनपटीला बसलं तर एवढंच म्हणायचा, साहेबाला वर नेलं, खाली आणलं.

"पण तुम्ही बायका त्या घळीतून कशा..."

आता मात्र तुदा हसली. "घळीतून! मरायला का? म्हातारीच्या अंगानं पायवाट आहे. गाभण शेळी चढेल. घळीतून जायचं, दोर बांधायचे, बर्फ फोडायचं, वर पोचून छाती बडवायची! काखेत कळसा नि गावाला वळसा. तुम्हा मर्दांची तऱ्हाच ती."

हद्दूनं पळी खाली ठेवली. "उद्या जमातीनं हो म्हटलं की देल्मा सगळं उपसणार. खडकापर्यंत."

तुदाचं हसू मावळलं. "मग जमात नाही म्हणाली पाहिजे."

"सगळे हो म्हणून बसलेत. मीच घसा कोरडा केलाय. आता काय सांगू? पळ्यांचं..."

"पळीचं नाव काढलंस तर या चुलीवर पुन्हा तुझ्यासाठी पाणी तापणार नाही."

"मग काय सांगू?"

"ते तू बघ. जन्मभर तोंडच चालवत आलास. एकदा कामाला लाव ते."

जमात अक्रोडाखाली बसली. इमाम, मुखिया, मास्तर, झाडून सगळे, आणि घरांच्या धाब्यांवर बायका. देल्मानं भाषण केलं. कापूस तोंडात असला तरी भाषण लांब होतं. इद्दरचं शौर्य, कप्तानाची त्याच्यावरची माया, खांब, पाटी, नकाशा. पाटी उन्हात अशी झळकत होती की बघवेना.

"तर मग हो म्हणायचं ना सगळ्यांनी?" मुखियानं विचारलं. "हद्दूला काय विचारायचं म्हणा. तो तर आज्याच्या खांद्यावर बसूनच जन्माला आला."

हद्दू उठला. त्यानं आधी देल्माकडे पाहिलं, मग मोहाकडे.

"मोहा खरं बोलतो," तो म्हणाला.

"काय खरं बोलतो?"

"आजा वर गेला नव्हता. खाली खेचरं धरून बसला होता."

कुणाच्या तरी हातातला पेला दगडावर आपटला. मुखिया म्हणाला, "आणि तो डबा?"

"कप्तानानं ठेवला. एकट्यानं."

"पण कप्तानानं तर लिहिलंय," देल्मा उभाच राहिला. "स्वच्छ लिहिलंय, इद्दर माझ्याबरोबर होता!"

"भला माणूस होता. गरिबाचं नाव झालं तर होऊ दे म्हणून लिहिलं असेल. आज्यानं मला मरताना सांगितलं होतं." खोटं बोलायचा सराव त्याला चांगला होता. "मीच आजवर गावाला फसवत आलो. असल्या माणसाचं नाव शिखराला देऊ नका."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. तंगड्या वर करून हसले लोक. मास्तर हसला, मुखिया मांडीवर थाप मारमारून हसला. जन्मभर ज्यांना गाढव म्हणून घेतलं, ते सगळे एकदम फेड करत होते, आणि का करू नये त्यांनी? इमामानं घसा साफ केला आणि आपल्या त्याच बेसूर आवाजात विचारलं, "आता सांग हद्दू, गाढव कोण?"

"मी," हद्दू म्हणाला.

धाब्यांवर मात्र कोणी हसलं नाही. बायका जागच्या जागी उभ्या होत्या, पदर दातांत धरून, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर.

देल्मा पाटी पोत्यात गुंडाळत होता. रागानं त्याचे कान लाल झाले होते. एकानं सुचवलं, मग कप्तानाचं नाव द्या. त्यावर मुखिया एकदम भडकला. "ज्यांना हाकलून लावायला आपली माणसं मेली, त्यांचं नाव आपल्या डोक्यावर? नवरी आहे ती नवरीच राहू दे!" जमातीनं हात वर केले. झालं. नकाशावर आकडा तर आकडा, आमचं काय जातं?

सगळे पांगल्यावर मोहा हद्दूच्या शेजारी येऊन बसला. बोटानं माती उकरू लागला.

"दाजी, ते मी गमतीनं म्हटलं होतं," तो म्हणाला. "आमचे म्हातारे तसं काही म्हणत नाहीत. मीच रचलं होतं, तुम्हाला चिडवायला."

"ठाऊक आहे मला."

"मग तुम्ही भर जमातीत..."

"गाढवा," हद्दू म्हणाला, "चहा पी."

दुसऱ्या दिवशी तुदानं एका खेचरावर खोगीर चढवलं आणि माहेरी जाऊन येते असं शेजारणीला सांगितलं. हद्दू मागोमाग निघाला. खिंड ओलांडून ती डावीकडे वळली, म्हातारीच्या अंगाच्या उताराकडे. वाट अशी सोपी होती की हद्दूला चालताना स्वतःचीच कीव येत होती. पुढे तुदा, मध्ये खेचर, मागे तो, झग्यात पळी.

शिखर हाताला लागेल इतकं जवळ आलं तेव्हा एक उभा दगड लागला. तुदा थांबली.

"इथून पुढे पुरुष येत नाहीत."

"मी वर जाऊन आलोय. परवाच."

"तू चुकीच्या बाजूनं गेलेलास," तुदा म्हणाली. "ते धरत नाहीत."

तिनं हात पुढे केला. हद्दूनं झग्यातून पळी काढली, तितरावरची धूळ बाहीला पुसली आणि तिच्या हातात दिली. तिनं ओढणीतून लाल लोकरीचा नवा तुकडा काढून पळीला नेसवला, खेचराचा दोर त्याच्या हातात कोंबला आणि वर निघाली. "तोंड तिकडे कर," ती मागे न बघता म्हणाली.

तो शिखराकडे पाठ करून बसला. खाली ऐत इग्गीची मेंढरं चरत होती. त्यांच्यामागून येणाऱ्या एका मेंढपाळानं त्याला ओळखलं. कालची गोष्ट खिंड ओलांडून त्याच्याही आधी पोचलेली दिसत होती.

"काय रे हद्दू!" तो खालूनच ओरडला. "आज्यासारखा खेचर धरून बसलास?"

"हो," हद्दू ओरडून म्हणाला. "आमच्या घराण्याचं कामच आहे ते."

आणि तुदा उतरून येईपर्यंत त्यानं एकदाही मान वळवली नाही.